तीन दातांच्या खुणा

मित्रांनो, दारामागच्या खिळ्यावर मी लटकलेला असतो. पाहुणे माझ्यावर खुशाल छत्री अडकवतात, पण माझी ओळख विचारायला कुणी थांबत नाही. मी एक जुना चामडी पट्टा आहे. कुत्र्याच्या गळ्यात असतो तो गळपट्टा वेगळा. त्याला हूक लावून ज्याचे दुसरे टोक माणूस हातात धरतो, तो मी. माझ्या एका टोकाला पार्सल नावाचा कुत्रा असतो आणि दुसऱ्या टोकाला घरातले कुणीतरी. दोन्हीकडची धडधड मला कळते, म्हणून मी स्वभावाने जरा काळजीखोर झालो आहे. मन चिंती ते वैरी न चिंती, असे म्हणतात ते माझ्यासारख्यांना पाहूनच.

पण मी जन्मापासून कुत्र्याचा पट्टा नव्हतो. माझी पहिली वीस-बावीस वर्षे एका पोस्टमनच्या खांद्यावर गेली. टपालाच्या पिशवीला मला मेण लावलेल्या दोऱ्याने दुहेरी शिवले होते. माझा पोस्टमन रोज सकाळी मला खांद्यावर टाकायचा आणि दुपारपर्यंत आम्ही शहराच्या कडेच्या सगळ्या गल्ल्या पालथ्या घालायचो. त्याच्या घामाने मी मऊ राहिलो. “बाकी सगळं झिजलं, पण हा पट्टा मला पेन्शनीपर्यंत पोचवणार,” असे तो चारचौघांत सांगायचा, तेव्हा मला मूठभर मांस चढायचे. तोच पोस्टमन म्हणजे या घरातले आजोबा.

आजोबा उन्हाला, पावसाला, साहेबालाही घाबरत नसत. घाबरत ते फक्त कुत्र्यांना. आमच्या कचेरीत पत्रे लावायच्या टेबलाशेजारी एक पुठ्ठा ठोकलेला होता. कुठल्या घरी कुत्रा आहे, याची त्यावर यादी असे. भाग बदलला की नव्या माणसाने आधी तो पुठ्ठा वाचायचा, आणि जुन्याने त्यात भर घालायची, अशी पद्धत होती. ‘जिन्याखाली बसतो, खोकून आत जावे.’ ‘फक्त टोपीवर भुंकतो.’ अशा नोंदी असत आणि त्यांतल्या निम्म्या आजोबांच्या अक्षरात होत्या.

त्या पुठ्ठ्यावर शेवटून दुसरे घर होते पाण्याच्या टाकीजवळचे, हिरव्या फाटकाचे. तिथे शाळेत शिकवणाऱ्या एक बाई राहायच्या. त्यांचा कुत्रा कोतवाल. अंगाने दांडगा, पण मनाने पोर. रोज फाटकामागे उभा राहून तो पिशवीकडे असा बघायचा, की जणू आतले टपाल त्यालाच वाटायचे आहे. एके दिवशी फाटक नीट लागलेले नव्हते. कोतवाल उड्या मारत बाहेर आला आणि त्याने मला तोंडात धरून ओढले. मित्रांनो, मी शपथेवर सांगतो, तो खेळत होता. त्याची शेपटी हलत होती. पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस. आजोबा पिशवी सोडून पळाले, गटाराच्या कडेला अडखळले आणि फाटकाच्या पत्र्यावर नडगी सोलून घेऊन आडवे झाले.

माणसे धावली. कुणीतरी विचारले, “कुत्रा चावला का हो?” आता भर रस्त्यात, खाकी कपड्यांत, ‘मी भिऊन पडलो’ असे कोण सांगणार? आजोबा म्हणाले, “हो, चावला.”

एवढ्या एका शब्दाने सगळे रामायण झाले. साहेबांनी तक्रार लिहून घेतली, आजोबांनी सही केली. खोटे तडीला न्यायचे तर सुयाही टोचून घ्याव्या लागल्या, त्या त्यांनी टोचून घेतल्या. बाईंच्या घरचे टपाल बंद झाले. बाई स्वतः कचेरीत येऊन पत्रे नेऊ लागल्या. “त्यानं असं कधी केलं नाही हो,” असे पहिल्या दिवशी त्या काकुळतीने म्हणाल्या, पण लेखी कागदापुढे तोंडी बोलणे कोण ऐकतो? कोतवालाच्या गळ्यात लोखंडी साखळी पडली. टाकीकडून आम्ही जायचो, तेव्हा ती साखळी फरशीवर घासल्याचा आवाज यायचा. आजोबा मग मला या खांद्यावरून त्या खांद्यावर घ्यायचे. पिशवी भरलेली असो की रिकामी, त्या वळणावर मी त्यांना जड व्हायचो.

खरे काय घडले याची खूण फक्त माझ्या अंगावर होती. चामड्यात दातांची तीन भोके, आणि दोन भोकांनंतर एक मोकळी जागा, कारण कोतवालाचा एक दात पडलेला होता. पण पट्ट्याला कुणी साक्षीला बोलावत नाही.

पुढे आजोबा निवृत्त झाले. फाटकी पिशवी कचेरीने टाकून दिली, तेव्हा साहेबांना विचारून त्यांनी मला तेवढे सोडवून घरी आणले. वर्षभर मी कपाटावर धूळ खात पडलो होतो. मग एका सकाळी दारात एक खोके सापडले आणि त्यात हे एवढेसे पिल्लू. कुणी ठेवले, देव जाणे. आजोबा खुर्चीवर चढून बसले. त्यांची सून कपड्यांच्या दुकानात फिटिंग करून देते; तिची जीभ तिच्या कात्रीपेक्षा धारदार. ती म्हणाली, “बाबा, तुमच्या नावचं पार्सल आलंय. सही करून ताब्यात घ्या!” तेच नाव पडले. आठ दिवस आजोबांनी त्याला हात लावला नाही. नवव्या दिवशी ते पिल्लू त्यांच्या चपलेत डोके घालून झोपलेले सापडले, आणि आजोबा दुपारभर अनवाणी फिरले. त्याच आठवड्यात त्यांनी मला बूट शिवणाऱ्याकडे नेले. त्याने मला मधून कापले, एका टोकाला पितळी हूक लावला, दुसऱ्या टोकाला हातासाठी फास शिवला. दातांच्या खुणांचा भाग कापू का, असे त्याने विचारले. आजोबा म्हणाले, “राहू दे.”

तेव्हापासून नऊ वर्षे आम्ही तिघे रोज दोन वेळा फिरतो. पार्सल नावालाच कुत्रा. मांजर समोरून आले की तो त्याला रस्ता देतो.

असे सगळे सुरळीत चालले असताना घरमालकांनी घर विकायला काढले. चाळीस दिवसांत खाली करा, म्हणाले. घरात चार माणसे: आजोबा, बस चालवणारा त्यांचा मुलगा, सून आणि अकरा वर्षांची नात. नातीची शाळा इथे, सुनेचे दुकान इथे, बसचा डेपो इथे. म्हणजे घर याच शहरात हवे. आणि घर पाहायला गेले की पहिला प्रश्न माणसांचा नसायचाच.

“कुत्रा आहे का?”

एका जाहिरातीत ठळक लिहिले होते की पाळीव प्राणी चालतील. सगळे नटून-थटून गेले. पार्सलला आंघोळ घातली, मला तेल लावले. मालकांनी दार उघडले, खाली पाहिले आणि दोन पावले मागे सरकले. “म्हणजे मासे वगैरे चालतील, असं म्हणायचं होतं आम्हाला,” ते म्हणाले. परतताना सून म्हणाली, “पार्सल, जरा पोहायला शीक बाबा.” सगळे हसले, पण फासात तिचा हात होता आणि तो गार पडला होता.

दुसरे घर चांगले होते, पण सहावा मजला. कुत्र्याने लिफ्टमध्ये यायचे नाही, असा सोसायटीचा नियम. आजोबांचे गुडघे पहिल्या मजल्यावरच बोलू लागले. तिसऱ्या ठिकाणी मालकीणबाई म्हणाल्या की आमची हरकत नाही हो, पण शेजारच्यांना चालणार नाही. शेजारी म्हणाले, आम्हाला चालेल, पण मालकीणबाईंना विचारा. असे करता करता पंचवीस दिवस गेले. घरात खोकी भरून तयार होती आणि जायचे कुठे ते ठाऊक नव्हते. नात शाळेतून आली की दप्तर न काढताच विचारायची, “मिळालं?” आणि कुणी उत्तर दिले नाही की पार्सलपाशी जाऊन बसायची.

मग त्यांनी चूक केली. चौथ्या घरी पार्सलला नेलेच नाही. कुत्रा नाही, असे सांगायचे ठरले. आधी राहायला जाऊ, पुढचे पुढे. पार्सलला शेजारी सोडून येताना मी सुनेच्या हातातच राहिलो होतो; मला वाटेत कुणी पाहू नये म्हणून तिने पर्समध्ये कोंबले. घर छान होते. खिडकीतून मैदान दिसत होते. सही करायला सुनेने पेन काढले, आणि पेनाबरोबर मीही सरसर बाहेर आलो. हूक फरशीवर खणकन वाजला.

“हे काय?” मालकांनी विचारले.

“माझा... कमरेचा पट्टा,” आजोबा घाईने म्हणाले, आणि मला उचलून खरोखरच कमरेला गुंडाळू लागले.

“आणि हा हूक?”

“किल्ल्या अडकवायला.”

मालकांनी माझ्यावरचा एक पांढरा केस चिमटीत धरला आणि उजेडात पाहिला. पेन त्यांनी शांतपणे परत घेतले. मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. माझ्यावरून आजोबांनी खोटे बोलण्याची ही दुसरी वेळ होती.

त्या संध्याकाळी मुलगा बुटांकडे बघत म्हणाला, “डेपोतल्या एकाचं गावाबाहेर गोदाम आहे. राखणीला कुत्रा हवाय त्याला. रविवारी येतो म्हणालाय. मोठी साखळी आहे, सावली आहे...”

“राखणीला? हा?” सून म्हणाली. “चोराला पाणी नेऊन देईल हा.” आणि बोलता बोलता ती रडायला लागली.

“मग मी काय करू सांग! रस्त्यावर राहायचं का सगळ्यांनी?” मुलगा ओरडला. पार्सल टेबलाखाली गेला. साखळी हा शब्द ऐकून माझ्या अंगावरची तिन्ही भोके ठणकू लागली.

नातीने डोळे पुसले. “आजोबा, तुम्ही इतकी वर्षं पत्रं वाटलीत. कुणाकडे कुत्री आहेत ते तुम्हाला माहीत असेल ना? ज्यांच्याकडे कुत्रा, ते कुत्र्याला नाही कशाला म्हणतील?”

घरातले सगळे आजोबांकडे पाहू लागले. पुठ्ठ्यावरची ती यादी, जी त्यांनी कुत्रे टाळण्यासाठी पाठ केली होती, ती त्यांना अजून तोंडपाठ होती. पुढचे तीन दिवस आजोबा, नात, पार्सल आणि मी ती यादी उलटी चालत गेलो. ज्या ज्या फाटकाला आजोबा पूर्वी वळसा घालत, तिथली घंटा त्यांनी वाजवली. पण जिन्याखालचा कुत्रा कधीच गेला होता, त्याच्या घराची इमारत झाली होती. टोपीवर भुंकणाऱ्याचे मालक दूर मुलाकडे राहायला गेले होते. काहींनी चहा दिला, पण घर कुणाकडे नव्हते.

“संपली यादी?” नातीने विचारले.

“संपली.”

“पण तुम्ही बोटांवर मोजताना एक सोडून दिलंत. टाकीजवळचं.”

“तिथं नको.”

“का? तिथं तर वरच्या खिडकीत पाटी आहे. घर भाड्याने देणे आहे. शाळेत जाताना मी रोज वाचते. कुत्रा खूप वाईट आहे का तिथला?”

आजोबांच्या हाताचा घाम माझ्यात मुरत होता. पूर्वी खांद्यावरून मुरायचा तसाच. “नाही,” ते म्हणाले. “कुत्रा वाईट नव्हता.” मग त्यांनी मला नातीच्या हातात दिले आणि आम्ही टाकीच्या दिशेने वळलो.

हिरवे फाटक आता गंजले होते. बाई काठी टेकत आल्या. केस पार पांढरे झाले होते, पण नजर शाळेतलीच. त्यांनी आजोबांना खालपासून वरपर्यंत पाहिले.

“टपालवाले! इतक्या वर्षांनी वाट चुकलात? तार आहे का कुणाची?”

“वरचं घर रिकामं आहे ना, बाई?”

“आहे. आणि मी ते जनावर पाळणाऱ्यांनाच देते. मागचे भाडेकरू दोन मांजरी आणि एक कासव घेऊन राहिले होते. या मुलीला आणि या कुत्र्याला मी आनंदानं देईन.” बाई थांबल्या. “तुम्हाला नाही देणार.”

नातीने माझ्यावरची मूठ घट्ट केली. तिला काहीच ठाऊक नव्हते. आजोबा तिथून वळले असते तरी तिला कधी कळले नसते. मी मनातल्या मनात म्हणत होतो, बोला हो, आता तरी बोला, रविवारी याच्या गळ्यात साखळी पडणार आहे.

“बाई,” आजोबा म्हणाले, “तो मला चावला नव्हता.”

बाईंनी काठी दुसऱ्या हातात घेतली.

“मी भ्यालो आणि पळताना पडलो. लागलं ते तुमच्या फाटकाचं. लोकांनी विचारलं, मला लाज वाटली, मी हो म्हणून बसलो. मग सही केली. मग ते मागे घेणं जमलं नाही. तो खेळत होता, बाई. त्यानं धरलं ते याला.” आजोबांनी नातीच्या हातातून मला घेतले आणि दोन्ही हातांवर ठेवून बाईंपुढे धरले.

बाईंनी चष्मा खाली केला. त्यांचा अंगठा माझ्यावरून फिरला. एक भोक. दुसरे भोक. मग मोकळी जागा. तिथे तो अंगठा थांबला.

“हा दात दगड चघळताना पडला होता त्याचा,” त्या म्हणाल्या, आणि पायरीवर बसल्या. “मी त्याला मारलं हो त्या दिवशी. छडीनं. शाळेत कधी एका पोराला हात लावला नाही मी, आणि त्याला मारलं. जन्मात साखळी माहीत नव्हती त्याला. पाच वर्षं बांधून ठेवला, तो जाईपर्यंत. तो बघायचा माझ्याकडे, आणि मी म्हणायचे, केलंस ना तू, मग भोग.”

नात आजोबांकडे अशी बघत होती, जणू ते तिला पहिल्यांदाच दिसत होते. पार्सल नेहमीप्रमाणे घाबरून त्यांच्या पायांमागे लपला होता.

बाईंनी त्याच्याकडे बोट करून विचारले, “हा चावतो का?”

“नाही,” आजोबा म्हणाले. मग खाली मान घालून म्हणाले, “तुमचाही चावत नव्हता.”

“हे लिहून द्या.”

“काय?”

“तक्रार लिहून दिली होतीत ना? तसंच हेही लिहून द्या. सही आणि तारीख घाला.”

नातीने दप्तरातून वहीचे पान फाडून दिले. आजोबांनी पायरीवर कागद ठेवून लिहिले. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रे पोचवणारा माणूस, पण चार ओळी लिहायला त्यांना अर्धा तास लागला. बाईंनी कागद वाचला, एक काना राहिला होता तो दुरुस्त करून घेतला आणि घडी घातली. “घराचं मी कळवीन. टपालानं,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

घरी आल्यावर आजोबांनी मुलाला आणि सुनेला सगळे सांगितले. रागावायला आता कुणात त्राण नव्हते. सुनेने फक्त त्यांच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. तो बुधवार होता. गुरुवारी पत्र आले नाही. शुक्रवारी आले नाही. मुलाने गोदामवाल्याला नाही म्हणून सांगितले नव्हते, कारण हातात काहीच नव्हते. शनिवारी सकाळपासून आजोबा खिडकीत बसले होते. रविवारी टपाल नसते, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक असणार? मी खिळ्यावर होतो आणि पार्सल माझ्याखाली बसून माझ्याकडे बघत होता, फिरायला चला म्हणून. त्याला बिचाऱ्याला काय माहीत.

बारा वाजता एक तरुण पोस्टमन फाटकाशी आला. हातात पाकीट होते. त्याने पार्सलला पाहिले आणि तो जागीच थबकला. पाकीट पिशवीत परत ठेवून तो मागे वळला.

आजोबा गुडघे विसरून धावले. “अहो, थांबा! चावत नाही तो!”

“सगळे असंच म्हणतात, काका,” तो लांबूनच म्हणाला.

“खरं आहे तुमचं,” आजोबा म्हणाले. त्यांनी पार्सलला माझ्यात अडकवले, जवळ घट्ट धरले आणि हात लांबवून पत्र घेतले. पाकीट फोडून त्यांनी पत्र उघडले, पण चष्मा खिडकीतच राहिला होता. शेवटी सुनेने पत्र काढून घेतले आणि मोठ्याने वाचले. ‘वरचे घर तुमचे. एक तारखेला या. अटी दोन. माझ्या आवारात कुत्र्याला बांधायचे नाही. आणि फाटकावरच्या पेटीतले माझे टपाल रोज तुम्ही स्वतः माझ्या हातात आणून द्यायचे. पाच वर्षांचे राहिले आहे.’

सून वाचता वाचता हसायला लागली आणि पदराने डोळे पुसू लागली. मुलगा बाहेर जाऊन गोदामवाल्याला फोन करून आला. नात मात्र आधी आजोबांच्या जवळ गेली. तिने माझ्या फासात त्यांच्या हाताशेजारी आपलाही हात घातला.

आता आम्ही त्या घरात राहतो. खाली बाईंच्या खोलीत कोतवालाचा फोटो आहे आणि त्याच्या शेजारी काचेत ते वहीचे पान लावले आहे. आजोबा रोज टपाल घेऊन जातात. टपाल नसेल त्या दिवशीही जातात, आणि ‘आज काही नाही, बाई’ असे सांगतात. पार्सल दिवसभर आवारात मोकळा हिंडतो. रस्त्यावर जाताना तेवढा मी लागतो. बाकी वेळ खिळ्यावर, छत्र्यांच्या ओझ्याखाली. माझे चामडे वाळायला लागले आहे. तुमच्याही घरी माझ्यासारखा कुणी जुना असेल, तर त्याला महिन्यातून एकदा चार थेंब तेल चोळा, एवढी माझी विनंती.

आणि मित्रांनो, मुक्या जनावराबद्दल कुणी वाईट सांगितले, तर लगेच मान डोलावू नका. त्याला आपली बाजू मांडता येत नाही. कोतवालाची बाजू मांडायला इतकी वर्षे लागली, आणि तोवर ती ऐकायला कोतवाल राहिला नव्हता.